गरम झाल्यावर एक सिलिंडर सोडणारे जुने आउटबोर्ड मशीन: इग्निशनमधला दोष कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनेसोटात तळ्याकाठचे घर घेताना त्याच्यासोबत 1968 सालचे एव्हिनरूड फिशरमन, 6 हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचे मशीन मिळाले. थंड असताना ते दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू होते आणि पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते. मग एकाएकी ताकद निम्मी होते आणि मशीन थरथरू लागते. अर्धा तास बंद ठेवले की पुन्हा ठणठणीत. नवे प्लग घातले, कार्ब्युरेटर साफ केला, फरक पडला नाही. आता इग्निशनचे, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या व्यवस्थेचे कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर सरसकट बदलावेत का, आणि मालवणातल्या मामेभावाच्या जुन्या यामाहा आउटबोर्डलाही हीच पद्धत लागू पडेल का, असे विचारले आहे.

मी हे काम रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर शिकलो आणि आता मिशिगनमध्ये जुनी आउटबोर्ड मशिने दुरुस्त करतो, त्यामुळे दोन्ही पाण्यांतली मशिने हाताखालून गेली आहेत. सरसकट भाग बदलू नका, असेच मी सांगेन. पैशांचा प्रश्न त्यात कमी आहे. जुने सगळे एका दमात काढून नवे बसवले आणि तरीही मशीन तसेच वागले, तर दोष मूळचा आहे की नव्या पॉइंटचा गॅप चुकला, एखादी वायर दबली, की नवा कंडेन्सरच खराब निघाला, हे सांगता येत नाही. तुमच्या मशीनचा दोष ठरावीक वेळी हजर होतो आणि ठरावीक वेळी निघून जातो. असा दोष तो हजर असतानाच तपासावा लागतो. थंड मशीनवर केलेल्या दहा तपासण्या 'सर्व ठीक' असेच सांगतील.

आधी या मशीनमधली रचना समजून घेऊ. त्याला बॅटरी नाही; ठिणगीची वीज मॅग्नेटो, म्हणजे चुंबक आणि कॉइलची जुळणी, स्वतःच तयार करते. फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या जड चाकाच्या, आतल्या बाजूला चुंबके बसवलेली आहेत आणि त्याखालच्या प्लेटवर दोन कॉइल, दोन कॉन्टॅक्ट पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि दोन कंडेन्सर आहेत. ज्यांनी जुन्या बजाज स्कूटरचा मॅग्नेटो उघडलेला पाहिला आहे, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल; फरक एवढाच की येथे सगळे दोन-दोन आहे. चुंबक कॉइलसमोरून जाताना तिच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यांत प्रवाह वाहू लागतो. नेमक्या क्षणी क्रँकशाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट उभे राहून प्लगला ठिणगी पडते. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी पडून हे क्षेत्र सावकाश कोसळू नये, म्हणून कंडेन्सर असतो. तो निकामी झाला की पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी मरगळते.

सगळे दोन-दोन असणे ही तपासणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. प्रत्येक सिलिंडरची कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लगची केबल आणि प्लग अशी स्वतंत्र साखळी आहे. फ्लायव्हील, त्याची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा धातूचा छोटा तुकडा), कॅम, खालची प्लेट आणि मशीन बंद करण्याची वायर, इतकेच काय ते सामायिक आहे. दोन्ही सिलिंडर एकाच वेळी मेले तर सामायिक भाग पाहावेत आणि एकच मेला तर त्याची स्वतःची साखळी पाहावी. शिवाय जो सिलिंडर चालू आहे, तोच तुमचा तुलनेचा नमुना. महागड्या मीटरपेक्षा मी या नमुन्यावर अधिक विसंबतो.

दोष इग्निशनचाच आहे याची खात्री मात्र आधी करावी. तुमच्या मशीनला दोन सिलिंडरांमध्ये मिळून एकच कार्ब्युरेटर आहे. पेट्रोल कमी पडले तर साधारणपणे दोन्ही सिलिंडर एकत्रच गळाठतात, मशीन हळूहळू खाली येते, आणि टाकीच्या नळीवरचा रबरी पंप दाबला की क्षणभर उसळी घेते. इग्निशनचा दोष बहुधा दिवा मालवावा तसा अचानक येतो. तुमचे 'एकाएकी निम्मी ताकद' हे वर्णन दुसऱ्या प्रकारात बसते. तरीही दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदा थंड आणि एकदा गरम असताना मोजून घ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असावेत, साधारण दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. गरम झाल्यावर एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरत असेल तर हेड गॅस्केट पाहावे लागेल आणि मग इग्निशनमागे धावण्यात अर्थ नाही. त्याच वेळी थंड करणारे पाणी नीट फिरते आहे का, हेही पाहा. पाणी ओढणारा रबरी इंपेलर झिजलेला असला तर मशीन प्रमाणाबाहेर तापते. असे मशीन चांगल्या कॉइललाही त्रास देते, आणि नवी कॉइल घातली तरी काही महिन्यांत तुम्ही पुन्हा तेथेच येता.

आता मुख्य तपासणी. मशीन मोठ्या पिंपात किंवा धक्क्याला बांधलेल्या होडीवर चालवा. पाणी इंपेलरच्या वर राहिले पाहिजे. कोरडे मशीन काही सेकंदही चालवू नये. काम उघड्या हवेत करावे, कारण पेट्रोलची वाफ आणि ठिणगी या कामात एकमेकांच्या फार जवळ असतात. दोन्ही प्लगच्या केबलमध्ये छोट्या दिव्याचे इनलाइन टेस्टर लावून ठेवा. हे स्वस्त असतात आणि चालत्या मशीनवर कोणत्या बाजूचा स्पार्क केव्हा थांबला, हे दाखवतात. मशीन थरथरू लागले की दिव्यांकडे पाहा. एक दिवा विझला किंवा अडखळू लागला, तर दोषी बाजू कळली. दोन्ही दिवे नियमित चमकत असतील, तर निष्कर्ष काढण्याची घाई करू नका, कारण दिवा लागायला लागणारे व्होल्टेज आणि दाबाखालच्या सिलिंडरमध्ये ठिणगी उडायला लागणारे व्होल्टेज यांत बरेच अंतर असते.

यासाठी मोकळ्या हवेतल्या गॅपचा टेस्टर लागतो. मशीन बंद करा, पेट्रोलची नळी काढून टाकी दूर ठेवा, प्लग त्यांच्या जागीच राहू द्या आणि दोन्ही केबल प्लगवरून काढून टेस्टरला जोडा. टेस्टरची दुसरी बाजू मशीनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला पक्की लावा. प्लग काढून मशीन फिरवणे सोपे जाते हे खरे, पण मग त्या भोकांतून पेट्रोलचा तुषार बाहेर येतो आणि शेजारीच ठिणगी पडत असते, म्हणून गरम मशीनवर मी ते टाळतो. पॉइंटवाल्या मॅग्नेटोसाठी गॅप सुमारे 6 मिलिमीटर ठेवावा. दोरी जोमाने ओढल्यावर निळी, टणक आवाजाची ठिणगी हा गॅप ओलांडून गेली पाहिजे. पिवळसर, बारीक, एक ओढ सोडून एक ओढ पडणारी ठिणगी नापास समजावी. अनेकजण प्लगच मशीनला टेकवून स्पार्क पाहतात. प्लगचा गॅप जेमतेम पाऊण मिलिमीटर, तोही मोकळ्या हवेत. एवढ्या अंतरावरून तर मरणपंथाला लागलेली कॉइलही उडी मारते. तुम्हाला कोणी 'स्पार्क चांगला आहे' असे सांगितले असेल, तर तो असाच पाहिलेला असण्याची शक्यता दाट आहे.

दोषी बाजू कळल्यावर फ्लायव्हीलला हात लावण्यापूर्वी बाहेरच्या गोष्टी उरकाव्यात. दोन प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला, तर नवा प्लगही खराब असतो हे मान्य करावे लागेल. या मशीनला चॅम्पियनचा जे-6-सी प्लग चालतो आणि त्याचा गॅप 0.030 इंच ठेवतात. केबलच्या टोपणात स्प्रिंग जागेवर आहे का, ती गंजली आहे का, ते पाहा. आणखी एक जागा या मशिनांत फार फसवी असते. थ्रॉटल फिरवला की टायमिंग पुढे सरकण्यासाठी संपूर्ण मॅग्नेटो प्लेट फिरते, आणि तिच्यासोबत प्लगच्या केबलही दर वेळी वाकतात. पन्नास-पंचावन्न वर्षे एकाच ठिकाणी वाकलेल्या केबलचे आवरण प्लेटच्या खाली कोठेतरी घासून उघडे पडते. अंधार पडल्यावर, झाकण काढून आणि हात व कपडे फिरत्या भागांपासून दूर ठेवून, मशीन पिंपात मंद गतीवर चालवा आणि कोणाला तरी थ्रॉटल सावकाश थोडा मागे-पुढे करू द्या. आवरण फुटलेले असेल तर केबलवरून शेजारच्या धातूवर उडणारी बारीक निळी रेघ स्वच्छ दिसते. दिवसाउजेडी ती भिंगाखालीही सापडत नाही.

बंद करण्याचे बटण मागाहून कोणी बसवलेले असेल, तर त्याची वायर मॅग्नेटोपासून तात्पुरती सोडवून पाहा. ते बटण पॉइंटची बाजू थेट मशीनच्या धातूला जोडते, त्यामुळे वायर कोठे दबलेली असली तर बटण न दाबताही स्पार्क जातो. सोडवल्यावर मशीन बंद कसे करायचे, हे मात्र आधी ठरवून ठेवा. चोक ओढला की ते थांबते.

एवढे करूनही तीच बाजू गरम झाल्यावर मरत असेल, तर फ्लायव्हील काढण्यावाचून गत्यंतर नाही. वरचा दोरीचा स्टार्टर काढा, नट सैल करा आणि फ्लायव्हीलच्या मधल्या भागातल्या तीन आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून ओढणारा पुलर वापरा. कडेला पकडणारा जबड्यांचा पुलर वापरू नये, त्याने फ्लायव्हील वाकते आणि चुंबके तडकतात. क्रँकशाफ्टच्या टोकावर सरळ हातोडा मारण्याचा मोहही आवरावा. पुलर ताणून धरल्यावर त्याच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक नेमका टोला दिला की शंकूवरून फ्लायव्हील टक् आवाज करून सुटते. क्रँक फिरवायची असेल तेव्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा, म्हणजे खाली इंपेलरची पाती उलटी वळत नाहीत.

फ्लायव्हील निघाल्यावर लगेच काही साफ करू नका. आधी नुसते पाहा, फोटो काढा. प्लेटवर तेलाचा ओलावा पसरलेला असेल तर क्रँकशाफ्टचे वरचे ऑइल सील गळते आहे, आणि ते तसेच ठेवून पॉइंट कितीही वेळा पुसले तरी ते पुन्हा माखणार. त्यानंतर कॉइलकडे वळा. त्या काळच्या मूळ कॉइलवरचे कडक प्लॅस्टिकचे आवरण वयाबरोबर तडकते. केसाएवढ्या भेगा प्लगची केबल जेथे आत शिरते तेथून सुरू होऊन कडेपर्यंत गेलेल्या दिसतात, आणि नखाने चाचपले तर कडा लागतात. भेगांत ओल शिरते, आतला स्पार्क लोखंडी गाभ्याकडे पळतो. गरम झाल्यावर भेगा उघडतात आणि थंड झाल्यावर मिटतात. तुमच्या मशीनचे वागणे या चित्राशी तंतोतंत जुळते, म्हणून माझा पहिला संशय कॉइलवर आहे. दुसरा कंडेन्सरवर.

मीटरने काय कळते आणि काय कळत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कॉइलचा आतला वेढा जवळजवळ शॉर्ट असल्यासारखा, एखाद्या ओहमच्या घरात दिसतो आणि बाहेरचा काही हजार ओहम. दोन्ही कॉइलचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. एक आकडा फार वेगळा आला किंवा तारच तुटलेली निघाली तर प्रश्न मिटला. आकडे सारखे आले म्हणून कॉइल चांगली ठरत नाही, कारण मीटर दीड-दोन व्होल्टने मोजतो आणि कॉइलला हजारो व्होल्ट धरून ठेवायचे असतात. मीटर जोडलेला ठेवून केस वाळवण्याच्या ड्रायरने कॉइलला सावकाश गरम करा. आकडा गरम होताना थोडा चढणे स्वाभाविक आहे. तो उड्या मारू लागला किंवा एकदम अनंत झाला, तर आतली तार उष्णतेने सुटते आहे. कंडेन्सरची क्षमता सुमारे 0.2 मायक्रोफॅरॅडच्या आसपास असते आणि ती मोजता येते, पण गरम असताना उच्च व्होल्टेजखाली त्यातून प्रवाह गळतो का, हे घरगुती मीटर सांगणार नाही. त्याबाबतीत पॉइंटच अधिक बोलतात. त्यांची तोंडे काळीनिळी जळालेली असली, किंवा एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा असला, तर त्या बाजूचा कंडेन्सर टाकून द्यावा.

शंका उरली तर अदलाबदलीचीच पद्धत येथेही वापरा: एका बाजूची कॉइल दुसऱ्या बाजूला बसवा, मशीन जोडून पुन्हा गरम करा आणि दोष कोणत्या सिलिंडरला गेला ते पाहा. फ्लायव्हील पुन्हा काढावे लागते म्हणून लोक हे टाळतात. परंतु दोष भागाबरोबर हलला, याहून पक्का पुरावा या कामात नाही. कॉइल उघड उघड तडकलेली दिसत असेल तर मात्र हा खटाटोप नको, सरळ बदला. दोन्ही एकाच वयाच्या असल्याने बदलताना दोन्ही बदलाव्यात, आणि फ्लायव्हील निघालेलेच आहे तर दोन्ही कंडेन्सरही. पॉइंट जळालेले नसतील तर राहू द्या. साठच्या दशकातल्या मूळ पॉइंटचा धातू आजच्या अनेक स्वस्त संचांहून सरस असतो, असे माझे मत आहे. सुट्या भागांची चिंता नको. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही नावे ज्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनची होती, ती कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या मालकांनी, म्हणजे बीआरपी या कंपनीने, 2020 मध्ये एव्हिनरूड मशिनांचे उत्पादनही थांबवले. तरी हेच मॅग्नेटो तेव्हाच्या कितीतरी छोट्या मॉडेलांत असल्याने इतर उत्पादक त्याचे भाग अजूनही बनवतात.

जोडताना तीन गोष्टींत घाई करू नये. कॉइलच्या लोखंडी गाभ्याची बाहेरची कड प्लेटवरच्या घासून सपाट केलेल्या उंचवट्यांशी बरोबर जुळवून घ्या. ती बाहेर आली तर फ्लायव्हीलची चुंबके तिला घासतात, आत राहिली तर स्पार्क कमजोर होतो. पॉइंटचा गॅप 0.020 इंच ठेवा, आणि तो पॉइंटची घासपट्टी कॅमच्या सर्वांत उंच भागावर असतानाच मोजा. कॅम काढला असेल तर ज्या बाजूला 'टॉप' असे कोरलेले आहे ती बाजू वर आली पाहिजे. गॅप लावल्यावर पॉइंटमधून ॲसिटोनमध्ये किंचित भिजवलेली जाड कागदाची पट्टी ओढा आणि मग कोरडी पट्टी ओढा. ती स्वच्छ निघेपर्यंत हे करीत राहा. नव्या पॉइंटवरही गंज न लागण्यासाठी तेलाचा पातळ थर असतो आणि तेवढ्या थराने स्पार्क जातो. तेलकट फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) पॉइंटमध्ये घालून नुकताच साफ केलेला पॉइंट पुन्हा खराब करणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. नवी केबल घालणार असाल तर आतून तांब्याच्या तारेचीच घ्या, मोटारीची कार्बनची केबल या कॉइलच्या टोकाशी नीट जोडली जात नाही. शेवटी क्रँकशाफ्टचा आणि फ्लायव्हीलचा शंकू पूर्ण कोरडा आणि स्वच्छ पुसा, तेथे ग्रीस लावू नका. चावी सरळ आणि न कातरलेली आहे हे पाहा आणि नट टॉर्क रेंचने 40 ते 45 फूट-पौंडांवर आवळा. सैल नटामुळे चावी कातरली गेली की टायमिंग बिघडते आणि मग सगळे नवे असूनही मशीन उलटा झटका देते.

आता मालवणच्या यामाहाबद्दल. मशीनच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत सीडीआय (कपॅसिटरवर चालणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असे लिहिले असेल, तर त्यात पॉइंट नाहीत. फ्लायव्हीलखाली चार्ज कॉइल (वीज तयार करणारी) आणि पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) असतात, बाहेर सीडीआयचा डबा आणि इग्निशन कॉइल. गरम असताना तपासणे, एकच सिलिंडर की दोन्ही हे आधी ठरवणे आणि किल-स्विचची, म्हणजे बंद करण्याच्या बटणाची वायर आधी सोडवून पाहणे, हे सगळे तेथेही तसेच लागू आहे. टेस्टरचा गॅप मात्र 11 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, आणि मशीन फिरवताना प्लगची केबल कधीही मोकळी लोंबकळू देऊ नये, कारण ते उच्च व्होल्टेज डब्यातच फुटण्याचा धोका असतो. कॉइलचे ओहम त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडावेत, दुसऱ्या मॉडेलचे आकडे येथे चालत नाहीत. चार्ज कॉइल फिरताना किती व्होल्ट देते, हे पाहायला साधा मीटर अपुरा पडतो, त्याला पीक व्होल्टेजचा (क्षणिक सर्वोच्च व्होल्टेज मोजणारा) अडॅप्टर लावावा लागतो.

खाऱ्या पाण्यातल्या मशिनांत डबा बदलण्यापूर्वी अर्थच्या जोडण्या तपासाव्यात. डब्याची किंवा इग्निशन कॉइलची काळी वायर ज्या बोल्टखाली असते, तेथे वरून चकचकीत आणि आतून पांढरी भुकटी साचलेली असते. बोल्ट काढून, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, पुन्हा आवळून वरून ग्रीस लावले की 'डबा गेला' म्हणून सांगितलेली काही मशिने सुरळीत चालू लागतात. दुसरी जागा लाल दोरीच्या किल-स्विचची. तो उन्हाने आणि क्षाराने आतून गंजतो, आणि लाटेवर होडी आपटली की क्षणभर जोडला जातो. मशीन केवळ लाटेवर अडखळत असेल आणि धक्क्याला उभे असताना ठीक चालत असेल, तर मामेभावाने सर्वांत आधी तोच सोडवून पाहावा. मात्र ही तपासणी धक्क्याजवळच आणि कोणीतरी सोबत असतानाच करावी, आणि खोल पाण्यात जाण्यापूर्वी नवा स्विच बसवून दोरी पुन्हा मनगटाला अडकवावी.